डॉ. भाऊ दाजी : एका डॉक्टराचे सार्वजनिक आयुष्य

परळ-लालबागच्या माणसाला राणीची बाग ठाऊक नाही असे होत नाही. वडीलधाऱ्यांचे बोट धरून तेथे गेलेल्या प्रत्येक पिढीचा क्रम ठरलेला. आधी हत्ती, मग माकडे, मग झाडाखाली बसून घरून आणलेला डबा, आणि ऊन फार झाले म्हणजे शेजारच्या अजबखान्यात एक फेरी. त्या अजबखान्यात काचेच्या कपाटांतून मातीच्या लहान लहान मूर्ती मांडल्या आहेत. जुन्या मुंबईत नांदणाऱ्या नाना जातींची, नाना पगड्यांची आणि नाना धंद्यांची माणसे त्यांत ओळीने उभी आहेत. इमारतीला १९७५ सालापासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्यापूर्वी शंभर वर्षे ती व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम म्हणून ओळखली जाई. भाऊंचे वडील मातीच्या बाहुल्या विकून घर चालवीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. हा निव्वळ योगायोग आहे; पण त्या कपाटांपुढे उभे राहिले म्हणजे तो आठवल्याशिवाय राहत नाही.

ज्या नावाने हा गृहस्थ प्रसिद्ध झाला ते त्याचे पाळण्यातले नावही नव्हे. मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात याला भाऊ म्हणत आणि वडिलांना दाजी, आणि त्या घरगुती हाका जोडून जे नाव झाले तेच पुढे लंडन-पॅरिसच्या विद्वत्सभांच्या सभासद-यादीत चढले. जन्म गोव्याच्या पेडणे महालातला, १८२२ सालचा. काही जुन्या पुस्तकांत १८२४ असे साल छापलेले आढळते. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याची चाल पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली की याला इंग्रजी शाळेत घाला. त्या काळी अशा एका वाक्याने माणसाचे आयुष्य बदलत असे. कुटुंब मुंबईस आले आणि मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला.

भाऊंवर बोलायचे म्हणजे वक्त्याला यादी देण्याचा मोह होतो. डॉक्टर, शिक्षक, बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस, विद्यापीठाचे पहिल्या तुकडीतले फेलो, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, दोनदा मुंबईचे शेरीफ, शिलालेखांचे वाचक, अजबखान्याच्या कमिटीचे चिटणीस. ही यादी खरी आहे. तथापि गुणांची यादी वाचून झाली म्हणजे माणूस कळला असे नाही. आम्ही आज त्यांच्या आयुष्याकडे एका वेगळ्या बाजूने पाहणार आहो. डॉक्टराला पुष्कळ गोष्टी कळतात. त्यांतल्या कोणत्या त्याने चारचौघांत बोलाव्या आणि कोणत्या पोटात ठेवाव्या, हा प्रश्न भाऊंपुढे पुन्हा पुन्हा आला. कधी ते बोलले आणि त्याबद्दल त्यांनी शिव्या खाल्ल्या. कधी ते गप्प राहिले आणि त्याबद्दलही खाल्ल्या. दोन्ही प्रसंगी ते बरोबर होते असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम वैद्यकीकडे वळू. मुंबईत एतद्देशीयांना डॉक्टरी शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ साली झाला. डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून शिकविणारी ती शाळा १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी मेडिकल कॉलेजाची कल्पना उचलून धरली; पण ते १८३८ साली वारले. त्यांच्या नावाचे कॉलेज भायखळ्यास सर जमशेटजींच्या इस्पितळाशेजारी सुरू व्हायला १८४५ साल उजाडले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल. १८५१ साली कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी होते, आणि पुढे ज्यांच्या घरी प्रार्थना समाजाचा जन्म झाला ते डॉ. आत्माराम पांडुरंगही होते. उरलेल्यांत पारशी होते आणि ख्रिस्तीही होते.

ही आठ माणसे काय करून बसली होती याची आज कल्पना येत नाही. प्रेताला हात लावल्यावर घरी येऊन स्नान करायचे, ही जेथे रीत, तेथे उच्चवर्णीय हिंदू मुलांनी प्रेत चिरून शिरा नि स्नायू मोजले. कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली प्रथम शवविच्छेदन केले, तेव्हा तोफा झाडल्या होत्या असे लोक सांगत. मुंबईस तोफा झडल्या नाहीत. पण घरोघर कुजबूज झाली असेल, यात शंका नको. भाऊ त्या वेळी कोवळे पोर नव्हते. एल्फिन्स्टनमध्ये ते शिक्षक होते. काठेवाड-कच्छातील बालिकाहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले होते, आणि १८४७ साली तो छापूनही निघाला होता. म्हणजे चांगली चालती नोकरी आणि झालेले नाव सोडून हा मनुष्य पंचविशीच्या सुमारास पुन्हा बाकावर जाऊन बसला. आमच्या मते त्यांच्या पुढल्या सगळ्या आयुष्याची किल्ली या एका निर्णयात आहे. मोठ्या माणसाचे शब्द पाठ करण्यापेक्षा वस्तू उघडून पाहावी, ही सवय त्यांना तेथे लागली. पुढे लेण्यांतल्या शिलालेखापुढे ते उभे राहिले तेही याच सवयीने.

दवाखाना चालला, आणि फार चालला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातले. औषधी वनस्पतींचे जाणकार, शिवाय फोटोग्राफीचे शौकीन. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून फी घ्यावी, गरिबांना औषध फुकट द्यावे, आणि उरलेल्या वेळात जगाचे काम करावे, अशी त्या घराची राहणी होती. विष्णुदास भावे यांची सांगलीची नाटक मंडळी १८५३ साली मुंबईस आली, तेव्हा ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिचा जम बसवून देणाऱ्यांत भाऊ होते. नाटकवाल्यांना पानसुपारीपुरतेही उभे न करणारे सुशिक्षित त्या काळी थोडे नव्हते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आता राजकारण. १८५३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपणार होती आणि पार्लमेंटात तिचा विचार व्हायचा होता. दर वीस वर्षांनी हा प्रसंग येई, आणि दर वेळी हिंदुस्थानचे काय करायचे ते हिंदुस्थानाला न विचारता ठरे. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना शंकरशेट तिचे पुढारी आणि भाऊ दाजी तिचे एक चिटणीस. पार्लमेंटाला पाठवायच्या अर्जाच्या कामात भाऊंचा मोठा वाटा होता. त्या अर्जाची मागणी आज वाचली तर मवाळ वाटते : कायदे करणाऱ्या मंडळात येथल्या लोकांना जागा द्या, मोठ्या नोकऱ्या त्यांना मोकळ्या करा, शिक्षणावर खर्च करा, कारभार उघडपणे चालवा. पण त्या काळी एवढ्यानेही काही शेटजींच्या पोटात गोळा आला. अर्जाची भाषा फार कडक झाली म्हणून संस्थेतून अंग काढून घेणारे निघाले. ज्यांची जहाजे आणि कंत्राटे सरकारच्या मर्जीवर चालतात, त्यांना कडक भाषा परवडत नाही. डॉक्टराचे तसे नाही. गव्हर्नरसाहेब परळच्या बंगल्यात रागावून बसले, तरी ताप आलेला माणूस डॉक्टराकडे येतोच. मुंबईच्या पहिल्या राजकीय पिढीत डॉक्टर आणि मास्तर पुढे दिसतात, त्याचे एक कारण आम्हांस हे वाटते. (ज्या परळच्या बंगल्याचा उल्लेख केला तो आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या वाटेवर आहे.)

संस्था पुढे थंडावली आणि १८६७ साली नवरोजी फर्दुनजींच्या खटपटीने पुन्हा जागी झाली. दादाभाईंच्या ईस्ट इंडिया असोसिएशनची मुंबई शाखा १८६९ साली निघाली, तिच्या उभारणीतही भाऊ होते. त्याच साली ते प्रथम शेरीफ झाले, आणि १८७१ साली पुन्हा. शेरीफपणा म्हणजे निम्मे कोर्टाचे काम आणि निम्मा शहराचा मानपान. हुकूमनामे बजावायचे, ज्यूरीला बोलावणी धाडायची, नागरिकांच्या जाहीर सभा बोलवायच्या, पाहुण्यांचे स्वागत करायचे. सरकार आणि शहर यांच्या मध्ये उभे राहण्याची ती जागा. वीस वर्षांपूर्वी ज्या सरकारविरुद्ध अर्ज लिहिला, त्याच सरकारने त्या जागेवर भाऊंना बसविले. यात कोणी कोणाला विकत घेतले असे मानण्याचे कारण नाही. भाऊंची राजनिष्ठा खरी होती आणि तक्रारही खरी होती; त्या पिढीच्या मनात ही दोन्ही एका घरात नांदत. १८५८ साली राणीच्या जाहीरनाम्यानंतर टाउन हॉलमध्ये सभा भरून तिच्या नावे अजबखाना नि बाग करण्याचे ठरले. त्या कमिटीचे चिटणीसपण भाऊंनी डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीने चालविले, ते याच मनाने.

येथवर सरळ वाट आहे. आता कठीण प्रसंग.

'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराज यांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानीची फिर्याद केली. भाटिया जातीतल्या पुढाऱ्यांनी ठराव केला की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये. तेव्हा करसनदासांना आधी त्या पुढाऱ्यांवरच खटला करावा लागला, आणि त्यांना दंड झाला. मुख्य खटला १८६२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात उभा राहिला. हायकोर्ट व्हायला अजून काही महिने अवकाश होता. मुंबई शहरात त्या काळी याहून मोठी गोष्ट घडत नव्हती.

प्रश्न पुराव्याचा होता. लेखात लिहिले ते खरे आहे हे सिद्ध कसे करायचे? जातीतली माणसे बोलायला तयार नाहीत, बायकांना कोर्टात आणता येत नाही. राहिले ते डॉक्टर. भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी शपथेवर सांगितले की दुराचाराने जडणाऱ्या रोगासाठी आपण महाराजांपैकी काहींना औषध दिले आहे. दुसरे साक्षीदार डॉ. धीरजराम दलपतराम यांनीही तशाच प्रकारची हकीकत सांगितली. एप्रिलमध्ये सर जोसेफ अर्नोल्ड यांनी करसनदासांचे म्हणणे खरे ठरविले आणि त्यांना साडेअकरा हजार रुपये खर्चाचे मिळाले. सुधारकांनी आनंद केला. सुधारणेच्या इतिहासात या खटल्याला मानाचे पान आहे, आणि ते योग्यच आहे.

पण आपण क्षणभर त्या दवाखान्यात जाऊन बसू. एक मनुष्य रात्री दार बंद करून डॉक्टराला आपली व्याधी दाखवितो. गुरू असो, चोर असो, त्या वेळी तो रोगी असतो. तो जे दाखवितो ते डॉक्टर दुसऱ्याला सांगणार नाही या भरवशावरच दाखवितो. हा भरवसा मोडला तर उद्या रोग अंगावर काढतील पण डॉक्टराकडे येणार नाहीत. हिप्पॉक्रेटीसच्या शपथेत ही गोष्ट आहे आणि आपल्या वैद्यांच्या परंपरेतही आहे. मग भाऊंनी तोंड कसे उघडले?

कायद्याच्या बाजूने उत्तर सोपे आहे. इंग्रजी कायद्यात वकिलाला अशिलाचे गुपित राखता येते. डॉक्टराला ती सवलत नाही. १७७६ साली डचेस ऑफ किंग्स्टन हिच्यावरील खटल्यात सीझर हॉकिन्स नावाच्या सर्जनने 'मला वैद्य म्हणून कळलेले सांगायला भाग पाडता येईल काय?' असा प्रश्न केला होता. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निवाडा दिला की कोर्टाने विचारले तर सांगितलेच पाहिजे. तेव्हापासून तोच दंडक. तेव्हा भाऊंनी कायदा मोडला नाही, उलट पाळला. पण कायद्याने सुटलेला मनुष्य मनाने सुटतोच असे नाही. भाऊ नुसते बोलाविले म्हणून गेलेले साक्षीदार नव्हते. ते करसनदासांच्या बाजूचे होते हे साऱ्या शहराला माहीत होते. आम्हांस असे वाटते की त्यांनी तराजूत दोन गोष्टी तोलल्या. एका पारड्यात एका रोग्याची अब्रू, दुसऱ्या पारड्यात त्या रोग्याच्या हाती विश्वासाने सोपविलेल्या अनेक घरांतल्या लेकीसुना. साथीचा रोग लपवू नये हा वैद्यकीचाच नियम आहे, आणि भाऊंनी या प्रकाराकडे साथीसारखेच पाहिले. आम्ही त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मात्र त्यांनी केले ते सोपे नव्हते, आणि जेथे श्रीमंत अशिलांवर धंदा चालतो त्या शहरात ते फायद्याचे तर मुळीच नव्हते.

याच वर्षांत मुंबईला पैशाचे वेड लागले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरांत गेला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर कारकुनापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी घेतले. प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर माणसे लखपती होत. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध थांबले, आणि १ जुलैला वायद्याच्या फेडीचा दिवस आला तेव्हा शहर बसले. भाऊंची इतक्या वर्षांची कमाई या पुरात गेली. शिलालेखातले एक अक्षर दहा वेळा पडताळून पाहणारा मनुष्य कंपन्यांच्या कागदांना मात्र भुलला! याचा खुलासा आम्ही शोधायला जात नाही. वेड हे वेडच असते. त्याच जुलैच्या अखेरीस नाना शंकरशेट वारले. अजबखान्यासाठी जमलेल्या निधीलाही या बुडीची झळ लागली. सर बार्टल फ्रियर यांनी नोव्हेंबर १८६२ मध्ये कोनशिला बसविलेली इमारत उघडायला २ मे १८७२ उजाडला, तीही सरकारने काम हाती घेतले तेव्हा. एकंदर खर्च सव्वाचार लाखांवर गेला. त्या इमारतीच्या सोनेरी नक्षीकडे पाहताना दहा वर्षांची ही रखडपट्टी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता दुसरा कठीण प्रसंग, आणि याबद्दल आम्ही भाऊंना इतक्या सहज सोडणार नाही.

महारोग हा त्या काळच्या मुंबईचा उघडा घाव होता. भायखळ्याच्या जमशेटजी जिजीभाई धर्मशाळेत, देवळांच्या पायऱ्यांवर, रस्त्यांच्या कडेला रोगी पडलेले असत. विलायती वैद्यकाकडे या रोगावर इलाज नव्हता. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, त्यांतली औषधे एकेक करून पारखली, आणि शेवटी एका तेलावर त्यांची श्रद्धा बसली. कोकणात आणि घाटमाथ्यावर कडू कवठ किंवा कवटी नावाचे जंगली झाड होते. त्याच्या बियांचे तेल पोटात द्यायचे, अंगाला लावायचे, आणि खाण्यापिण्याचे पथ्य कडक ठेवायचे. काही रोग्यांना गुण आला. गवगवा झाला, दुरून माणसे येऊ लागली. पण औषध कोणते, हे भाऊंनी वर्षानुवर्षे जाहीर केले नाही.

त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांना हे खपले नाही. यांत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले होते आणि युरोपियनही होते. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. नव्या वैद्यकीची सगळी इभ्रत या एका गोष्टीवर उभी आहे की माझे औषध मी तुझ्यासमोर ठेवतो, तू ते आपल्या रोग्यावर करून पाहा आणि खोटे ठरले तर तसे सांग. मुळी बटव्यात ठेवून गुण तेवढा दाखवायचा, ही तर जुन्या वैदूची रीत. ज्या कॉलेजाने भाऊंना त्या रीतीपासून बाहेर काढले, त्याच कॉलेजाच्या पहिल्या तुकडीतल्या पदवीधराने तिकडे परत जावे, हे विपरीत दिसले. भाऊंच्या बाजूने एवढे म्हणता येते की त्यांना पूर्ण खात्री करून घ्यायची होती. अर्धवट प्रयोग जाहीर झाले आणि कोणी वाटेल तसे तेल देऊन रोग्याला गुण आला नाही, तर औषध बदनाम होईल, ही भीती होती. शिवाय 'नेटिव्ह' डॉक्टराचा शोध चुकीचा ठरावा अशी वाट पाहणारेही होते. हे सारे जमेस धरूनही आम्हांस वाटते की भाऊ येथे चुकले. कोर्टात रोग्याचे गुपित सांगताना त्यांनी ज्या लोकहिताची साक्ष काढली, ते लोकहित औषधाचे नाव सांगतानाही तितकेच खरे होते.

आणि काळ थांबत नाही. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सेन यांना महारोगाचा जंतू दिसला. याच मुंबईत, भाऊंच्याच कॉलेजात शिकविणारे डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी महारोगावरचा आपला ग्रंथ १८७४ साली प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ज्यांच्या चित्रांवाचून शरीरशास्त्र शिकता येत नसे, ते हेच कार्टर. भाऊ त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले आणि पुढच्या वर्षी नारायणरावही गेले. औषध करणारे दोन्ही हात एका वर्षात नाहीसे झाले. कवटीच्या तेलाचा उल्लेख पुढे औषधीकोशांत भाऊंच्या नावासह आला, पण तो आठवण म्हणून. त्याच जातीच्या झाडांचे, म्हणजे चौलमुग्राचे, तेल १८५४ पासून कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांच्या लेखनामुळे जगाला माहीत झालेले होते. हवाईत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने १९१५-१६ च्या सुमारास ते सुईने देण्याजोगे केले, आणि १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोग्यांना आधार होता तो याच तेलांचा. म्हणजे भाऊंचा हात योग्य फांदीवर पडला होता. मुंबईत महारोग्यांसाठी कायमचे आश्रयस्थान झाले ते १८९० साली, म्युनिसिपल कमिशनर अॅकवर्थ यांच्या खटपटीने, माटुंगा-वडाळ्याच्या बाजूस. हे अॅकवर्थ म्हणजे मराठी पोवाडे इंग्रजीत नेणारेच गृहस्थ. तेथून भाऊ दाजी रोड फार लांब नाही. रस्त्याला नाव देणाऱ्यांच्या मनात हा संबंध असेल असे वाटत नाही.

राहिले इतिहाससंशोधन. येथेही उजेड आणि सावली दोन्ही आहेत. आर्यभटाचे नाव सगळे घेत, पण त्याचा मूळ ग्रंथ युरोपियन पंडितांच्या हाती नव्हता. भाऊंनी त्याच्या पोथ्या मिळविल्या आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात निबंध लिहिला. आर्यभट नावाचे दोन वेगवेगळे ज्योतिषी होऊन गेले आणि लोक त्यांची गल्लत करतात, आणि नाव 'भट' आहे, 'भट्ट' नव्हे, हे त्यांनी दाखविले. चाळीसगावजवळ पाटणे येथला शिलालेख त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्याच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केल्याची हकीकत त्यात आहे. अजिंठ्याचे लेख त्यांनी उतरून घेतले. कालिदास म्हणजेच राजतरंगिणीतला मातृगुप्त, हे त्यांचे १८६० सालचे मत मात्र पुढे टिकले नाही. संशोधकाची दोन-चार मते न टिकणे हे त्याने काम केल्याचे लक्षण आहे. जो मतच देत नाही त्याचे खोटे ठरत नाही.

पण हे सारे लेख भाऊंनी एकट्याने वाचले काय? नाही. जुनागढचा एक तरुण, भगवानलाल इंद्रजी, गिरनारच्या पायथ्याच्या शिळेवरची अक्षरे स्वतःच्या स्वतः वाचायला शिकला होता. फोर्ब्ससाहेबांच्या शिफारशीवरून भाऊंनी १८६१ साली त्याला मुंबईस बोलावून घेतले. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढची बारा-तेरा वर्षे हा मनुष्य भाऊंच्या खर्चाने देशभर हिंडला. लेण्यांत शिरून, डोंगर चढून ठसे घेतले, नाणी जमविली, अक्षरे लावली. त्याला इंग्रजी येत नव्हते. तो सामग्री आणी, त्यावर दोघांची चर्चा होई, आणि निबंध भाऊंच्या नावाने एशियाटिक सोसायटीत वाचला जाई. आजच्या विद्यापीठात यावरून मोठे वादळ उठले असते. त्या काळी आश्रय देणाऱ्याचे नाव वर असणे हे कोणाला खटकत नसे. आम्हांस थोडे खटकते. मात्र भगवानलालांना ते किती खटकले, याची साक्ष त्यांनीच ठेवली आहे, आणि ती ऐकून मग निवाडा करावा.

भाऊ वारले तेव्हा भगवानलाल दूर नेपाळच्या दौऱ्यावर होते. परत आल्यावर आश्रय गेला, पगार गेला. मग त्यांनी स्वतःच्या नावाने लिहायला सुरुवात केली. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे स्नेही ते इंग्रजीत नेत. १८८२ साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. हॉलंडातल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टर केले. म्हणजे भाऊंच्या सावलीतून बाहेर पडल्यावर हे झाड चांगलेच वाढले, आणि आता जुना हिशेब मागायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती.

१८८८ साली वाळकेश्वरच्या घरी भगवानलाल वारले. त्यांनी मृत्युपत्र केले होते. मथुरेचे सिंहशीर्ष आणि नाणी ब्रिटिश म्यूझियमला दिली. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली. तेथे भाऊंचा पोथ्यांचा संग्रह त्यांच्या स्मरणार्थ आधीच ठेवलेला होता. आपल्या पोथ्या डॉ. भाऊ दाजींच्या पोथ्यांशेजारी ठेवाव्या, एवढीच विनंती भगवानलालांनी त्या देणगीबरोबर केली. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढून आजही सोसायटीत गेले आणि जुनी हस्तलिखितांची सूची मागितली, तर दोन्ही संग्रहांची नावे तीत एकत्र सापडतात.